माहेरवाशिणीच्या उवा

माहेरवाशीण बोलली की आमच्या बाभुळगावच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. माझी नणंद तर यवतमाळला राहते, वर शिकलेली, म्हणजे विषयच संपला. मागच्या उन्हाळ्यात ती दोन पोरींना घेऊन राहायला आली. तिला माहेरी आराम हवा असतो, म्हणून पोरींच्या वेण्या माझ्याकडे. पहिल्याच सकाळी पाहिलं, दोघींच्या केसाकेसाला लिखा चिकटलेल्या. मी गप्प बसले. पाहुणीला असं सांगतात का?

तिच्या दोघी नि माझी एक, तिन्ही पोरी एकाच गादीवर झोपायच्या. पंधरा दिवसांत माझी नऊ वर्षांची लेक डोकं खाजवायला लागली. नणंदेनं तिची एक ऊ धरली आणि अंगणातल्या तांबड्या कोंबडीकडे बोट दाखवलं. ती कोंबडी माझ्या लेकीची, पिल्लू असल्यापासून तिनंच वाढवलेली.

"वैनी, ह्या कोंबडीच्याच उवा होत. पोरीच्या डोक्यात कायले चढू देता? कापून टाका."

वा रे शिक्षण. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. कोंबडीची ऊ पिवळट, रुंद डोक्याची, पिसं कुरतडून जगणारी. हातावर चढली तर तुरुतुरु पळते, पण माणसावर संसार थाटत नाही. हात धुतला की गेली. आपली ऊ करडी, रक्त पिऊन टम्म, केस धरून बसणारी. तिला कोंबडी नको, दुसरं डोकं हवं. एवढं मी बोलले. दोन्ही उवा ताटलीत ठेवून दाखवल्यासुद्धा. नणंदेनं नाक मुरडलं, पाहिलं नाही.

सासरे म्हणाले, "बाई म्हणून राह्यली तं खरंच असन. कापा."

चोर सोडून संन्याशाला फाशी. लिखा तुमच्याच पोरींच्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण माहेरवाशीण दुखावली तर नवरा महिनाभर तोंड फिरवून बसेल, या भीतीनं मी ते गिळलं. त्यांना नावं ठेवते, पण मीही काही कमी नाही.

नवऱ्यानं कोंबडी कापली, मसाला मी वाटला. नणंदेनं तंगडी चोखत रश्श्याचं कौतुक केलं, तेव्हा तिला आणखी वाढलाही मीच. लेक जेवायला आली नाही.

सकाळी तिच्या केसांतून फणी फिरवत होते, तर खाली पाहतच म्हणाली, "त्याइच्या डोक्यात पहिलेच होत्या, आई. मले दिसल्या होत्या. मले वाटलं, तू सांगशीन."