डाव्या डोळ्याच्या नोंदी

विमल कांबळे यांनी आपल्या सहा वर्षांच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, असे गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लेखी कळवले. त्यांना तसे कोणी विचारले नव्हते. चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि येण्याची शक्यताही नव्हती. नोंदी एका ताऱ्याच्या तेजाच्या होत्या. पत्र परदेशातल्या एका संस्थेला होते. जगभरचे हौशी निरीक्षक तिथे अशा नोंदी पाठवतात. मजकूर सुनेने इंग्रजीत टाइप केला आणि सवयीने दोन ठिकाणी दिलगिरी घातली. बाईंनी ती दोन्हीकडून काढायला लावली. "दिलगिरी कशाला? चूक कुठे, किती, कशाने, एवढं लिही. रडारड नको."

त्यांची माझी ओळख फोनवर झाली. मी ठाण्यात एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम करत होतो. त्या दिवशी आम्ही 'आज आकाशात महाकाय चंद्र' अशी चौकट छापली होती. संध्याकाळी साडेसातला फोन वाजला.

"जयभीम. कांबळे बोलतेय, डोंबिवलीवरून. तो तुमचा महाकाय चंद्र कुठल्या बाजूने येणारे? आमच्याकडे नेहमीचाच आलाय."

बातमी एजन्सीकडून आलेली आहे, असे मी सांगितले.

"मग एजन्सीकडे गेला असेल," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचे वर्तमानपत्र वर्षाला चार-पाच दुर्मीळ खगोलीय घटना छापत असे, त्यामुळे फोन नियमित येत राहिले. डेस्कवर त्याला 'ग्रहण लागलं' म्हणत. ग्रहण घ्यायचे काम माझ्याकडे होते, कारण मी सगळ्यांत नवा होतो. अखेर एकदा चूक होण्याआधीच विचारून घ्यावे म्हणून मी डोंबिवलीला गेलो. पूर्वेला तीन मजली, बिनलिफ्टची इमारत. वर गच्ची, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि टाक्यांमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या बाई. समोर चार इंची दुर्बीण. ठाण्यातल्या एका हौशी मंडळाने मोठी दुर्बीण घेतल्यावर ही जुनी त्यांच्याकडे आली होती. गच्ची वापरण्यासाठी सोसायटीची परवानगी लागे. सेक्रेटरींनी ती 'पापड वाळवणे व तत्सम कामे' या सदरात दिली होती.

बाई तीस वर्षे एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. काम शेड जुळवण्याचे. गिऱ्हाइकाने पाठवलेला कापडाचा नमुना आणि कारखान्यात रंगवलेला तुकडा शेजारी ठेवायचा, आणि तो उजळ, मंद की बरोबर हे डोळ्याने सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच काम आकाशात सुरू केले. सिंह राशीत मघा नक्षत्राजवळ एक तांबडा तारा आहे. साधारण दहा महिन्यांत तो उजळतो आणि पुन्हा मंदावतो. बाजूच्या ज्या ताऱ्यांचे तेज ठरलेले असते, त्यांच्याशी ताडून तो आज कुठे बसतो, याचा आकडा लिहायचा. "कारखान्यात हेच करायचे," बाई म्हणाल्या. "फरक एवढाच की इथे माल परत येत नाही."

त्यांची वही हा एक वेगळा प्रकार होता. मागची सगळी पाने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बंद केलेली असत. त्या दिवसाचे पान तेवढे उघडे. कालचा आकडा पाहायचा नाही, हा नियम. "कालचा वाचला की डोळा बघत नाही, नक्कल करतो. परीक्षेत बघितलंय ना?" चिमटे पावसाळ्यात, सिंह सूर्याआड गेला की, काढले जात. तेव्हाच त्या वर्षाचा आलेख तयार होई.

गच्चीवर पाहुणे आले तर त्या नाही म्हणत नसत, पण कौतुकही करून घेत नसत. एकदा सेक्रेटरी सहकुटुंब आले. त्यांना गॅलेक्सी बघायची होती. बाईंनी देवयानी दीर्घिका लावून दिली. सेक्रेटरींनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "मॅडम, काचेवर धूळ आहे वाटतं."

"धूळ नाही. तीच ती. लाखो वर्षं चालत आलाय उजेड. इथपर्यंत नीट आला, आणि शेवटच्या दोनशे फुटांत तुमच्या हायमास्टमध्ये बुडाला."

हायमास्ट दिवा सेक्रेटरींनीच नगरसेवकांकडे पाठपुरावा करून चौकात लावून घेतला होता. त्यानंतर ते सहकुटुंब आले नाहीत. पुढे दक्षिणेला बावीस मजली टॉवर उभा राहिला. 'आकाशाला भिडणारी घरे' अशी त्याची जाहिरात होती. जाहिरात खरी ठरली आणि वृश्चिक दिसेनासा झाला. बाईंनी हरकत घेतली नाही. आपला तारा त्या बाजूला नाही, एवढेच म्हणाल्या.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसरा डोळा पंधरा दिवसांनी करायचा ठरले होते. दुर्बिणीला त्या नेहमी डावा डोळा लावत. डॉक्टरांनी गच्चीवर जायला परवानगी दिली त्या संध्याकाळी त्यांनी डाव्याने नोंद केली, आणि मग सहज उजवा लावून पाहिला. तारा मंद होता. पुन्हा डावा लावला, तारा उजळ. त्या दिवशी फोन मला आला आणि त्यात चंद्राचा विषय नव्हता.

"एकाच मिनिटात अर्ध्या प्रतीचा फरक पडतोय," त्या म्हणाल्या. तेजाच्या पट्टीवर अर्धी प्रत म्हणजे बरीच झाली. त्या दशांशाचे भांडण करणाऱ्या बाई होत्या. "मी इतकी वर्षं पिवळ्या दिव्याखाली शेड जुळवत होते. मोतीबिंदू पिवळा असतो. बाजूचे पांढरे तारे मळके दिसले, माझा तांबडा तसाच राहिला. म्हणून मी त्याला उजळ लिहीत गेले."

डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, मोतीबिंदू पाच-सहा वर्षांपासून वाढत असेल. नक्की कधीपासून? असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

बाईंनी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मुलगा नितीन दिवा स्टेशनजवळ नव्या फ्लॅटमध्ये राहत असे. तो खास त्यासाठी आला. मी तेव्हा तिथे होतो.

"आई, एका डोळ्याने जिना चढतेस. परवा दोन पायऱ्या चुकलीस. तो तारा काय पळून जाणारे का?"

"तारा नाही रे जात. मोतीबिंदू जाणारे."

"अगं, जाऊ दे ना मग! लोक पैसे देऊन घालवतात."

"चूक ह्या डोळ्याने केलीये. साक्षीदार आहे तो. त्याची साक्ष व्हायच्या आधीच त्याला काढून टाकू?"

नितीनने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तरी सांगा. पेपरवाले आहात."

 शेवटी नितीन जिन्याला दोरी बांधून गेला.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, आकाश मोकळे असेल त्या प्रत्येक संध्याकाळी, बाईंनी दोन नोंदी केल्या. आधी डावा, मग उजवा; दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने. दोन वह्या, दोन्हींना चिमटे. हिशेब साधा होता. दोन डोळ्यांतला फरक कळला, की तो जुन्या आकड्यांतून वजा करायचा आणि सहा वर्षे वाचवायची. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी चिमटे काढले. फरक निघाला, आणि चांगला स्थिर निघाला. पण तो या वर्षीच्या मोतीबिंदूचा होता. पाच वर्षांपूर्वी तो किती पिवळा होता, हे सांगायला पाच वर्षांपूर्वीचा डोळा उपलब्ध नव्हता.

मी एक तोडगा सुचवला. यंदा अर्धी प्रत, गेल्या वर्षी त्याहून थोडी कमी, असे करत करत मागे जाता येईल.

"तुमच्या पेपरात चालतं," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, माहिती दिल्यासारख्या. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे चूक झाली तर काय करतात?"

"खुलासा छापतात. आतल्या पानावर, खाली, दोन ओळी."

"माझं दोन ओळींत नाही बसणार."

पत्र दीड पानाचे झाले. सोबत दोन्ही वह्यांचे आकडे जोडले होते. शेवटच्या हंगामाची दुरुस्ती दिली होती. आधीच्या पाच वर्षांपुढे 'दुरुस्ती शक्य नाही' असे लिहिले होते. पाठवायचे बटण त्यांनी सुनेला दाबू दिले नाही, स्वतः दाबले.  सुनेने चहा आणला, तो गार झाला.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. नोंदी काढून टाकलेल्या नाहीत, पण निरीक्षकाच्या विनंतीवरून त्या वेगळ्या खुणेने दाखवल्या जातील. दोन डोळ्यांचे आकडे पाठवल्याबद्दल आभार.

"म्हणजे पास नाही आणि नापासही नाही," बाई म्हणाल्या. "या वयात एटीकेटी."

डावा डोळा मे महिन्यात झाला. पावसाळा गेला, तारा पुन्हा पूर्वेला दिसू लागला आणि बाई पुन्हा गच्चीवर जाऊ लागल्या. फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, त्या झटक्याने गेल्या. रुग्णालयात नेईपर्यंत वेळ मिळाला नाही. आमच्या जिल्हा पानावर तीन ओळींची बातमी आली. त्यात त्यांचे वय एक वर्षाने चुकले. खुलासा छापावा असे मी सुचवले. जागा नव्हती.

संस्थेच्या आलेखात त्या सहा वर्षांचे ठिपके राखाडी आहेत. गेल्या मेनंतरचे काळे आहेत, एकूण एकोणतीस. शेवटचा मंगळवारचा, संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा आहे.