झोपायच्या खोल्या : दोन

"झोपून दाखवा," साहेब म्हणाले.

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सासरे म्हणाले, "काय म्हनलाव सायेब?"

"रात्री कसे झोपता ते दाखवा. सगळे. फोटो लागतो."

भर दुपार होती. किन्हवलीच्या अलीकडे आमची बौद्धांची वस्ती आहे. माझं लग्न होऊन पाच महिने झालेले. घरांची मोजणी आली होती. घरात माणसं किती, त्यांना झोपायला खोल्या किती, लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली आहे की नाही. खोल्या कमी पडल्या तर घरकुलाच्या यादीत नाव लागणार, असं सांगितलं होतं.

साहेबांनी दारातच आडनाव विचारलं. ऐकून नुसतं "हं" म्हणाले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी पिशवीतली बाटली काढली. बरोबर टेप धरणारा एक माणूस, आणि वरच्या आळीतले दोघे, वाट दाखवायला आलेले. वाट दाखवून झाली होती. तरी ते दाराला टेकून उभे राहिले.

घर म्हणजे एक खोली. मागे चुलीपुरती जागा. पुढे पडवी, तिन्ही बाजूंनी उघडी, तिथे शेळ्या आणि लाकडं. खोलीत आम्ही पाच जण. सासू, सासरे, दहावीतली नणंद, नवरा आणि मी. मध्ये दोरीवर जुनी साडी टाकलेली. साडीच्या अलीकडे तिघं, पलीकडे आम्ही दोघं.

"पडदा काढा. फोटोत येत नाही," साहेब म्हणाले. टेपवाल्याने तो स्वतःच ओढून काढला. आमची वाकळ उघडी पडली. माझी चोळी होती तिच्यावर, घडी करून ठेवलेली. दारातले दोघे हसले.

"तुमच्यात चालतं म्हणा हे," साहेब म्हणाले.

नवरा वाशिंदला कंपनीत कामावर होता. सासरे आधी आडवे झाले. अंगात बंडी, हात छातीवर. मग सासू. नणंद भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मी नाय झोपनार."

साहेबांनी मोबाइल खाली केला. "राहू दे मग. नाव नको असेल तर राहू दे."

तेव्हा मी बोलले. "झोप गो. घर मिळंल." तिचा हात धरला आणि तिला खाली ओढलं. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

तिने कोपर डोळ्यांवर घेतलं. तिच्या बाजूला मी झोपले. सकाळीच सारवलेली जमीन. कानाजवळ साहेबांचे बूट. ते काढलेच नव्हते.

"सूनबाई, पदर बाजूला घ्या. चेहरा दिसला पाहिजे."

घेतला.

रात्री नवरा म्हणाला, "तू कशाला झोपलीस?" नणंद त्यानंतर महिनाभर माझ्या हातचं वाढलेलं ताट घेत नव्हती. स्वतः उठून वाढून घ्यायची.

यादी लागली. आमचं नाव नव्हतं. सासरे दोनदा एसटीने शहापूरला जाऊन आले. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. तिथल्या माणसाने कागद दाखवला. झोपायच्या खोल्या : दोन. पडवी मोजली होती.

"पडवीत झोपता येतं ना," तो म्हणाला.

पुढे मी अंगणवाडीत मदतनीस झाले. माहेरी, मुरबाडकडे, बारावीपर्यंत शिकले होते ते कामाला आलं. चार वर्षांनी पुन्हा मोजणी निघाली. गावातल्या शिकलेल्या बायका हव्या होत्या. माझं नाव लागलं. शहापूरला प्रशिक्षण होतं. शिकवायला उभे राहिले तेच साहेब. मला त्यांनी ओळखलं नाही.

पुस्तकात खोली कशाला म्हणायचं ते लिहिलं होतं. चार भिंती, वर छप्पर. साहेबांनी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"प्रत्यक्षात पडवी धरायची. नाहीतर अख्खा तालुका बेघर निघेल."

लोक हसले. मग त्यांनी पडद्यावर फोटो लावला.

आधी बंडी ओळखली. काखेत उसवलेली. सासरे प्रशिक्षणाच्या वर्षीच वारले होते. मग ते कोपर दिसलं. मग मी.

"बघा. एका ओळीत चौघं. एरवी नवरा-बायको साडीच्या आड. तरी मस्त चाललंय. यांच्यात प्रायव्हसी हा विषयच नसतो."

सगळे हसले. माझ्या शेजारी खर्डीकडची एक बाई होती. दुपारी आम्ही एका डब्यात जेवलो होतो. तीही हसली.

मी उभी राहिले. "तो फोटो खाली घ्या."

"मॅडम, उदाहरण आहे ते. तुम्हाला काय त्रास आहे?"

"डावीकडून चौथी मी आहे."

हसणं थांबलं. मी पुढे बोलले. "तिसरी माझी नणंद. ती नाय म्हनाली होती. तुमी ऐकलं नाय. मीपन ऐकलं नाय. आनि आमच्या पडवीला भिंत नाय. तुमी ती खोली लिवलीत."

फोटो गेला, पडदा नुसता निळा झाला. साहेब म्हणाले, "भावनिक होऊ नका. चहा घेऊ या."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून कोरा कागद दिला. प्रशिक्षणात अडथळा आणल्याची माफी लिहून द्या म्हणाले. मी त्या कागदावर घडलं ते लिहिलं. झोपून दाखवा, बूट, पदर, पडवी. सगळं. खाली सही केली आणि पोच मागितली. द्यायला दुपार घालवली त्यांनी. मी बसून राहिले.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. ती आता कल्याणला नर्सिंग करते. सगळं सांगितलं.

"सायबाचं राहू दे, वहिनी. मला खाली कुनी ओढलं?"

"मी."

"मग तू माफी माग."

मी मागितली. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मोजणीला मला मुरबाडकडच्या पार टोकाच्या वाड्या दिल्या. एसटी जात नाही अशा. मी चालत जाते. आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. सुनेला बाजूला घेऊन एकटीला विचारते. माणसांचा फोटो काढत नाही. जिला सांगायचं नाही तिला दुसऱ्यांदा विचारत नाही. पडवीला पडवी लिहिते.

काल अकरा फॉर्म परत आले. शेरा होता, खोल्यांची संख्या पुन्हा तपासावी. फोनवर साहेबांचा माणूस म्हणाला, "दोन करून टाका ना. नायतर तुमचं नाव कापतील."

आज अकराही घरांत पुन्हा गेले. पुन्हा तपासल्या. एकच आहे. सगळीकडे एकच. तेच लिहून पाठवलं.

कापायचं तर कापा. एकाचे दोन करायचे असतील तर ते तुमच्या हाताने करा आणि खाली तुमची सही करा. माझ्या सहीवर ते होणार नाही.