विश्राम केळुसकरला बसायचंय

दुपारच्या जेवणानंतर दवाखान्यात थोडा वेळ कुणी पेशंट नसतो. उत्पला दार नुसतं लोटून घेते आणि पेशंटच्याच खाटेवर आडवी होते. कुडाळच्या बाजाराचा आवाज खिडकीतून येतो, हळूहळू लांब जातो. खाली कुणीतरी नारळ सोलतंय. मग तो आवाज नारळाचा राहत नाही, पावलांचा होतो. पंखा फिरतोय की खाट, हे तिला नीट ठरवता येत नाही. संध्याकाळी आपल्याला सभेत बोलायचंय, एवढा एकच विचार शेवटपर्यंत जागा राहतो.

स्मरणसभा तिच्या वडिलांची, विश्राम केळुसकरची. त्याला जाऊन वर्ष झालं. कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकवायचा. हजेरी घेणं म्हणजे गुरं मोजणं, असं सांगून त्यानं नोकरी सोडली आणि पुढं जन्मभर बायकोच्या जिवावर स्वातंत्र्य उपभोगलं. रविवारी सकाळी अंगणातल्या फणसाखाली माणसं जमायची. त्यांना तो सांगायचा, "देव, देश, सरकार, कर्तव्य... ज्याला मानाल तो मानेवर बसतो. खरा आहे तो एकटा मी. मला हवं ते मी करतो, याहून प्रामाणिक गोष्ट जगात नाही." बाप ही नुसती पदवी, म्हणून मुलीनं त्याला नावानं हाक मारायची, अरे-तुरे करायचं. बायको शालन सावंतवाडीच्या इस्पितळात अखेरच्या दुखण्यात पडली, तेव्हा तो तिकडं फिरकलासुद्धा नाही. "मला तिथं बसावंसं वाटत नाही. मग बसल्याचं सोंग कशाला?" म्हणाला आणि फणसाखाली बैठक घेतली. एकोणीस वर्षांची उत्पला आईजवळ एकटी होती.

मग त्याच्यावरच वेळ आली. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, एक शब्द तेवढा उरला: मी. पाणी हवं, "मी." पाठ दुखते, "मी." उत्पलाचं कामच लुळ्या हातापायांना हलतं करायचं. ती त्याचा दंड धरून वर-खाली करायची आणि तो कळवळून "मी, मी" करायचा. तिनं सगळं केलं, अगदी शेवटपर्यंत. मायेनं मात्र एकदाही बोलली नाही.

दारावर टकटक होते.

"कोण?"

उत्तर येत नाही. दार आपोआप सरकतं आणि विश्राम आत येतो. दोन्ही पायांवर, सरळ, चपला हातात घेऊन.

"चालतोस की," ती म्हणते.

"चालता येतं. बोलताही येतं. सगळे शब्द परत मिळाले. एक सोडून."

"कुठला?"

तो सांगायला जातो. ओठ मिटतात, 'म' चा आकार धरतात, पुढं काहीच येत नाही. पुन्हा प्रयत्न करतो. ती पडल्या पडल्या बघते आणि तिला हसू येतं.

"बरं झालं," ती म्हणते. "बाकीच्यांना बोलायला मिळेल."

ती उठून बसते तर पायाखाली शेणानं सारवलेली जमीन आहे. फणसाखाली खुर्च्या मांडल्यात, माणसं पाठमोरी बसलीत. समोर विश्रामचा फोटो, त्याला झेंडूचा हार. उदबत्तीसुद्धा लावलीय. विश्राम फोटोकडे बघत तिच्या कानाशी लागतो.

"यांना सांग, शालनच्या उशाशी बसलेला असायचा."

"कोण बसलेला असायचा?"

तो चिडतो. "कळतंय तुला."

"तू नव्हतास बसलेला."

"असण्या-नसण्याचं काय घेऊन बसलीस? माणसं जे मानतात ते असतं. तू आज सांगशील, हे मानतील, झालं." त्याचा आवाज बारीक होतो. "तिकडं काही नाही, उत्पला. कुणीतरी मानतं तेवढंच अंग उरतं. बघ." तो हात वर धरतो. पंजातून फणसाची पानं दिसतात, शिरांसकट.

"यात माझा काय फायदा?"

ती हे अगदी त्याच्याच सुरात विचारते. लहानपणी ताप चढला की ती म्हणायची, विश्राम, माझ्याजवळ झोप ना. तेव्हा तो विचारायचा त्या सुरात.

क्षणभर त्याचा चेहरा उजळतो. "शाब्बास!" असं तो म्हणतोसुद्धा. मग आपण काय ऐकलं ते त्याला उमगतं आणि चेहरा उतरतो.

अंगणाच्या पायऱ्या उतरल्या की वॉर्डच लागतो. फिनेलचा वास. खिडकीजवळच्या खाटेवर शालन, भांग विस्कटलेला, हाताला सुई. उशाशी लोखंडी स्टूल आणि त्यावर उत्पला बसलेली आहे, एकोणीस वर्षांची, वेणी सुटलेली. तिला आपण तिथं कधी बसलो ते आठवत नाही. विश्राम मागं उभा आहे.

"ऊठ जरा. बसू दे."

"ही माझी जागा आहे."

"थोडाच वेळ."

"जे धरून ठेवता येतं ते आपलं, तूच म्हणायचास ना? मी धरलंय."

तो स्टुलाचा पाय पकडून ओढू लागतो. हाताला वजनच नाही. ती त्याच्याकडं, लुळ्या माणसाचा व्यायाम बघावा तशी, बघत राहते.

"जोर लाव," ती म्हणते. "अजून. लागत नाही? मग रडून काय होणार? अजून."

शालन डोळे उघडते. "हे आले का गं?"

विश्राम खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा आहे, हातभर अंतरावर. उत्पला सरळ त्याच्या डोळ्यांत बघते.

"नाही आई. कुणी नाही आलं."

"मग कोण उभं आहे तिथं?"

तो पुढं वाकतो. ओठ मिटतात, थरथरतात. तो शब्द येत नाही. 'नवरा' म्हणावं, तर तो शब्द त्यानंच जन्मभर चेष्टा करून करून झिजवलेला, जिभेवर ठरत नाही. शेवटी उरतं नाव.

"विश्राम," तो म्हणतो. "शालन, विश्राम!"

शालननं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. तिच्या कानाला ते नाव वाटतच नाही, नुसता शब्द वाटतो.

"हो," ती थकून म्हणते. "घेते आता." आणि डोळे मिटते.

विश्राम फरशीवर बसकण मारतो. त्याच्या घशातून जो आवाज येतो तो माणसाचा नाही. उत्पलाला आनंद होतो. गार, स्वच्छ आनंद, उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी असतो तसा. आपल्याला इतकं बरं वाटू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"मला हवं ते मी केलं," ती म्हणते. "प्रामाणिक आहे ना?"

"आहे," तो खालूनच म्हणतो. "अगदी आहे. पण तू पडशील तेव्हा तुझ्याजवळ कोण बसेल गं?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडते आणि डोळे उघडतात.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. ती कूस वळवते. कोपऱ्यात भिंतीला टेकून असतं ते तिचं चाकांचं स्टूल खाटेच्या उशाशी आलंय. रेक्झिनच्या बैठकीत खोल खळगा पडलाय, कुणीतरी बराच वेळ बसून आत्ताच उठावं तसा. आतला स्पंज सावकाश वर येतोय, शिवणीतून हवा बारीक सुसकारते. उत्पला हात पुढं करते आणि लावत नाही.

दार ढकलून गुडघेदुखीच्या परबकाकू डोकावतात. "झोपलेलीस काय गो?"

खळगा अजून पुरता भरलेला नाही.

"नाही काकू, या," उत्पला केस बांधत म्हणते. "बसा त्या स्टुलावर. रिकामंच आहे."