फ्रिजमधलं आमसुलाचं पाणी

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा दाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. बर्थखाली ठेवायला जीव धजेना. बेंगळुरूची माझी नात इरा, आठ वर्षांची, तिने फोनवर एकच पालुपद लावलं होतं, "आजी, लाडू." माझा लेक निखिल मात्र चाचरत म्हणाला होता, "आई, तिच्या अंगावर हल्ली सारखं पित्त उठतंय. खाण्याचं जरा बघू." बघू म्हणे. माझ्या लाडवाने आजवर कुणाला काय झालंय?

बेंगळुरूला यशवंतपूर स्टेशनात उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि हवा चांगलीच बोचरी होती. न्यायला आलेल्या इराने कारमध्ये बसायच्या आधीच डबा उघडला. एचएसआर लेआउटमधल्या घरापर्यंतचा रस्ता लांबलचक. खिडकीची काच खाली करून, तोंड वाऱ्यावर देऊन पोरीने लाडू फस्त केला. बाहेर फुलांच्या पाट्या उतरत होत्या, टपऱ्यांवर इडलीची वाफ दिसत होती. मला अगदी भरून पावल्यासारखं झालं.

घरी पोचून जरा वेळ होतो न होतो तोच तिच्या डाव्या गालावर लालबुंद गांधी उठल्या. खाजवून खाजवून डोळा बारीक झाला. माझ्या सुनेने, केतकीने, डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं. अंडं, टोमॅटो, वांगं, दूध पोरीचं आधीच बंद होतं, त्यात आता शेंगदाणे. मऊ भात आणि मुगाचं वरण, एवढंच ताटात. ते ताट बघून मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी खाली फिरायला गेले तर पहिल्या मजल्यावरच्या सरोजाअक्का भेटल्या. घरात मराठीच बोलतात, पण घराणं कितीतरी पिढ्या इथलं. "गंधे उठलेत काय पोरीला?" त्यांनी विचारलं. गंधे म्हणजे आपल्या गांधीच, इथे राहून स्वल्प (थोड्या) कानडी झालेल्या. "कांबळं पांघरून बसवा. सरी (ठीक) होतंय."

मी वरवर हसले. पित्त म्हणजे उष्णता, आणि उष्णतेवर कांबळं? ह्या बाईंचं काहीतरीच. आमच्याकडे पित्तावर आमसुलाचं पाणी चोळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी विसळून मी इराची मान कुरवाळली. ती अंग चोरून बाजूला झाली. "आजी, तू हात नको लावू ना. तुझ्या हाताने खाज येते." आणि खरंच, मानेवर माझी बोटं उमटली होती. मी गॅलरीत जाऊन उगाच वाळलेले कपडे काढत बसले. नातीला खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही, मग आजी आली कशाला?

दुपारी मी आमसुलं भिजवली. जास्त गुण यावा म्हणून पाणी चांगलं फ्रिजमध्ये ठेवून गार केलं आणि इराच्या दोन्ही हातांना चोळलं. हातांवर तेव्हा एकही गांध नव्हती. म्हटलं, आधीच लावलेलं बरं. थोड्या वेळाने पाहते तर जिथे जिथे माझी बोटं फिरली तिथे पट्टे टरारून वर आलेले. एक थेंब कोपरापर्यंत ओघळला होता, त्याचीसुद्धा रेघ उठली होती.

"आजी, तू माझ्यावर चित्र काढलंस," इरा खाजवत म्हणाली.

मला रडूच फुटलं. केतकी धावत आली. आता ऐकून घ्यायचं, अशी मनाची तयारी केली मी. पण ती पट्ट्यांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, ह्यात लाडू कुठे होता?"

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "पानी ठंडा था?" मी म्हटलं, फ्रिजमधलं. त्यांनी पिशवीत बर्फाचा खडा घालून इराच्या हातावर थोडा वेळ धरला, मग काढून घेतला. आम्ही बोलत होतो तोवर तिथे खड्याच्याच आकाराची गांध फुगली.

"दादीजी, लड्डू ने कुछ नहीं किया," त्या म्हणाल्या. हिच्या कातडीला गारठाच सोसत नव्हता. कारच्या खिडकीतला वारा, गार पाणी, भांडी विसळलेले माझे हात. खिडकीकडचा तेवढाच गाल फुलला होता, ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. अंदाजाने बंद केलेलं खाणं त्यांनी सुरू करायला लावलं, गोळी लिहून दिली, अंग झाकून ठेवा म्हणाल्या, आइस्क्रीम आणि बर्फाचं पाणी नको. "आणि पोहणं?" केतकीने विचारलं. सोसायटीच्या तलावातला क्लास रविवारी सुरू होणार होता. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. एकदम सगळ्या अंगाला गार पाणी लागलं तर पोर पाण्यातच बेशुद्ध पडू शकते. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. केतकीने माझा हात घट्ट धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर तिने फळीवरचा डबा काढला आणि स्वतः इराला लाडू भरवला. मी सरोजाअक्कांकडे जाऊन मुकाट्याने कांबळं मागून आणलं. "पित्त गरम असतंय म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" त्या हसत म्हणाल्या. कोण सांगणार? शब्दच तसा होता. त्या एका शब्दावर भरवसा ठेवून मी पोरीला गार पाणी चोळत बसले.

निघायच्या दिवशी यशवंतपूरला पुन्हा तसाच गारठा होता. इरा कानटोपी, स्वेटर, हातमोजे अशी गुंडाळून आली होती. गाडी लागली. मी तिच्या गालाकडे हात नेला आणि मध्येच थांबले. बोटं गार पडली होती.

"थांब आजी," ती म्हणाली. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातमोज्यांतल्या हातांत घेतले, खसाखसा चोळले, वर तोंडाची गरम वाफ सोडली. मग स्वतःच उचलून आपल्या गालांवर ठेवले.

"आता लाव," ती म्हणाली.