दोर धरणारा

नौदलात भरती होऊन जहाजावर लागलो आणि तिथून पाणबुड्याच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली तेव्हा आमच्या तांड्यात कोणाला नवल वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. महागाव तालुक्यातल्या आमच्या शिवारात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, पण विहिरी होत्या, आणि विहिरीच्या तळाशी माझ्याइतका वेळ दम धरून राहणारा आसपासच्या पाच गावांत दुसरा नव्हता. हे मी आजही छाती जरा पुढे काढूनच सांगतो.

दम धरायला मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. विहिरीत उतरून मोटारीचे पाइप सोडवणं, तळाला गाळात रुतलेली पाइपाची झडप काढून साफ करणं हा त्यांचा धंदा. ते कपाशीचे वाईट दिवस होते. पाऊस दगा द्यायचा, बोंडं अळी खायची, आणि जे घरी यायचं त्याला बाजारात कोणी विचारत नव्हतं. लोक विहिरी आणखी खोल करत होते. वीज येईल तेवढ्या वेळात मोटार नुसती पिळून काढत, म्हणून मोटारी बिघडत. सगळ्यांची कामं बसली होती, तेव्हा काकांना मात्र जेवायला फुरसत नव्हती.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि काठावरच्याची नजर पाण्यावर. पाण्यावर बुडबुडा दिसला की ओढायचं. विचार करत बसायचं नाही. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, पण विहिरीवर नाना जातीची माणसं, तिथे वऱ्हाडीच चालायची. काका म्हणायचे, "बुडबुडा आला का समज, मानूस संपून राह्यला." त्यामुळे आम्हा पोरांचं शिक्षण एकच होतं. वरून छातीभर श्वास घ्यायचा, खाली जायचं, काम करायचं, आणि वर येऊन तोच श्वास सोडायचा. मधे एकही बुडबुडा नाही. माझ्या नाकातून एखादा निसटला तर काका पाठीत धपाटा घालायचे.

असा तयार गडी मी पाणबुड्याच्या प्रशिक्षणाला गेलो. दक्षिणेतलं बंदर, उन्हात चकाकणारं पाणी, आणि माझ्याबरोबर किनाऱ्यावर वाढलेली पोरं. कोळ्यांच्या घरचे, नदीकाठचे, बेटांवरचे. यवतमाळकडचा म्हटल्यावर त्यांनी माझं नाव विहिरीतला बेडूक ठेवलं. पहिल्या पंधरवड्यात बेडकाने सगळ्यांना मागे टाकलं. गढूळ पाण्यात हाताने चाचपून नट काढायचा असो, डोळे बांधून गाठ मारायची असो, की दोराचे इशारे ओळखायचे असोत. तिथेही पाणबुड्याच्या कमरेला दोर असतो आणि वर एक माणूस तो धरून बसतो. मला वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त पगार बरा.

मग पाठीवर हवेचं सिलिंडर आलं आणि माझा माज उतरला.

सिलिंडर घेऊन गेलेला माणूस खाली श्वास घेतो. पाण्याच्या दाबाखाली घेतलेली ती हवा वर येताना फुगत जाते. ती सोडत सोडतच वर यायचं असतं. दाबून धरली तर छातीत जागा पुरत नाही आणि फुप्फुस फाटतं. वरून दम भरून खाली गेलेल्या माणसाला हे लागू नाही, म्हणून काकांचं चुकीचं नव्हतं. पण मला दोन्हीत फरक करता येईना. डोक्याला कळत होतं, छातीला कळत नव्हतं. खाली गेलो की मी आपला श्वास घ्यायचो आणि गच्च धरून बसायचो. वरचे लोक घाबरायचे, कारण तिथे बुडबुडे थांबले म्हणजे माणूस संपला.

खरी परीक्षा होती ती खोल टाकीतली. तळाशी हवेची नळी तोंडातून काढायची आणि सावकाश, सगळा वेळ हवा सोडत पृष्ठभागावर यायचं. मी निघालो, आणि तोंड आपोआप मिटलं. आमचे प्रशिक्षक मधेच टांगल्यासारखे थांबलेले होते. त्यांनी मला पकडून पोटात असा गुद्दा मारला की हवा आपणच बाहेर आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांचा हात पोचायच्या आत मी वर आलो, खोकलो, आणि तळहातावर रक्ताचा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस. प्रशिक्षक म्हणाले, "वीस दिवस घरी जा. परत आलास की एकच संधी. नाही जमलं तर जहाजावर जुन्या कामाला." मला पाणबुड्याच व्हायचं होतं. दुसरं काही व्हायची कल्पनासुद्धा मी केलेली नव्हती.

घरी आलो तर कापसाची वेचणी चाललेली. मधल्या खोलीत कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला. भाव चढेल या आशेवर सगळ्यांनीच घरात कोंडून ठेवलेला. आम्ही पडवीत झोपायचो आणि अंगाला खाज सुटायची. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी सांगितलं की सुट्टी मिळाली. नापास झाल्याचं कोणाजवळच बोललो नाही. तांडाभर लोक मला समुद्राच्या गोष्टी विचारत होते आणि मी भरभरून सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चाल, एक झडप काढाची हाये." विहिरीत चार परस पाणी होतं, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. कमरेला दोर बांधून मी उतरलो, झडप मोकळी केली, आणि तळाशी असताना मनात आलं, इथे कोण बघतंय, करून पाहू. ओठ थोडे उघडले आणि हवा सोडत वर निघालो.

तीन हातही आलो नसेन. कमरेला हिसका बसला आणि काकांनी मला पोत्यासारखं वर खेचलं. कठड्याच्या दगडांवर बरगडी सोलून निघाली. वर आलो तर काकांचा चेहरा राखेसारखा झालेला.

"पाय गुतला का? काय झालं?"

"काही नाही झालं. मी मुद्दाम सोडत होतो."

त्यांनी मला थोबाडीत मारली. सरकारी नोकरीतला जवान मी, तालमीत कमावलेलं अंग, आणि भर दुपारी गावच्या विहिरीवर थप्पड खाल्ली. माझं डोकं सटकलं. मी ओरडलो, "तुमच्या या शिकवण्यानंच नापास झालो मी. दम सुटत नाही माझ्याच्यानं. तुम्ही सोडू दिला असता तर आज ही वेळ आली नसती."  ज्या माणसाने मला पाण्यात उभं केलं, त्यालाच मी असं बोललो होतो.  काकांनी दोर गुंडाळला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "काहून सांगतलं नाही मले?"  माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे बोलायला लागले.

"माहा एक जोडीदार होता. तुह्या जन्माच्या आंधीची गोठ. तो खाली, मी दोरावर. बुडबुडे याले लागले. तो लय मस्कऱ्या होता. मले वाटलं, भेवाडून राह्यला. म्या म्हटलं, करू दे. मंग बुडबुडे थांबले. तवा ओढला. त्याचा पाय पाइपात गुतला होता."  पुढचं मी विचारलं नाही.

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वरून नेलेला दम वेगळा, खाली घेतलेला वेगळा. मला इथे, याच विहिरीत, बुडबुडे सोडत यायची सवय करायची आहे. आणि दोरावर तेच पाहिजेत. फक्त रीत उलटी करायची. बुडबुडे येत आहेत तोवर हात लावायचा नाही. थांबले तर ओढायचं.

काका म्हणाले, "थांबेपर्यंत वाट पाहाची? तेच तर केलं होतं म्या."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या चुकीने त्यांचा माणूस गेला, नेमकी तीच मी त्यांना रोज दहा वेळा करायला सांगत होतो. मी म्हणालो, "तो अडकला होता काका. मी सुटा येणार. तुम्ही मोजत राहा. चाळीस मोजायच्या आत मी वर."

 काकांनी उठून दोर घेतला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चार वेळा ओढलं. "हातच आयकत नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन वेळा. मी खाली असताना वरून त्यांचं मोजणं ऐकू यायचं नाही, पण वर आलो की छत्तीस, सदतीस ऐकू यायचं. हळूहळू माझे ओठ सैल पडायला लागले. शेवटच्या दिवशी पाण्याच्या वर यायला वीतभर उरलं असताना माझी हवा संपली, बुडबुडे थांबले, आणि काकांनी असा झटका दिला की मी अर्धा पाण्याबाहेर आलो. आम्ही दोघं काठावर बसून पोट धरून हसलो. शिष्यापेक्षा गुरू लवकर शिकला होता.

परत गेल्यावर टाकीतल्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तळाशी नळी काढली, ओठ उघडले आणि चाळीस मोजत वर आलो. प्रशिक्षक मधे होते. त्यांनी मूठ वळून ठेवली होती, ती तशीच राहिली. वर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

बाजाराच्या दिवशी काका महागावच्या टेलिफोन बूथवर थांबणार होते. मी सांगितलं, पास झालो.  मग त्यांनी विचारलं, "तथं तुह्या दोरावर कोण बसते?"

मी म्हणालो, केरळचा एक मुलगा आहे, माझा जोडीदार.

"सुट्टीत घिऊन ये त्याले."

पुढच्या हिवाळ्यात मी त्याला घेऊन आलो. याडीने भाकरी आणि ठेचा वाढला. तो बिचारा घाम पुसत जेवला. दुपारी काका आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. मला वाटलं, काम दाखवतील. त्यांनी सदरा काढला, दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक त्या मुलाच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, "तू बोलू नको."

ते खाली गेले. थोड्या वेळाने पाण्यावर बुडबुडे आले. आयुष्यात ज्या माणसाने पाण्याखाली एकही बुडबुडा सोडला नव्हता, त्याचे. मुलगा दोर सैल धरून पाण्याकडे एकटक बघत होता. पापणी लवली नाही. मग बुडबुडे थांबले. मी तोंड उघडायच्या आत त्याने ओढायला सुरुवात केली होती.

काका वर आले, धापा टाकत काठावर बसले, कमरेचा दोर सोडला. त्या मुलाला मराठी येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडेच बघून म्हणाले, "आता तू कितीबी खोल जाय."