दोन विहिणी, एक नाव आणि गोदाकाठचा मुरूम

नातीचं नाव सायकलच्या शर्यतीवर ठरवावं, हे शहाण्या माणसाला सुचत नाही. आम्हा दोघी आज्यांचं वय मिळून एकशे तेरा, म्हणून आम्हाला सुचलं.

झालं असं की माझी लेक प्रांजल बाळंतपणाला माझ्याकडे, अहिल्यानगरला आली. मुलगी झाली आणि येत्या पौर्णिमेला विहारात तिचं नाव ठेवायचं ठरलं. मला ‘यशोधरा’ हवं होतं. प्रांजलच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई छबूताई, यांना ‘सुजाता’. तीन आठवडे आम्ही फोनवर एकमेकींना ‘तुमचंच ठेवा हो’ म्हणत होतो आणि दोघींपैकी एकीच्याही मनात ते नव्हतं. शेवटी प्रांजल वैतागली. म्हणाली, दोघी मिळून एकच नाव सांगा, नाहीतर आम्ही आमच्या यादीतलं ठेवतो. त्या यादीत पहिलं नाव ‘कायरा’ होतं. म्हणजे घाई करणं भाग होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि गेल्या वर्षी गिअरची सायकल घेतली आहे. गोदावरीच्या काठाने दोन दिवस भटकायचं बरेच दिवस मनात होतं. श्रीरामपूरहून उत्तरेला जाऊन नदी गाठायची आणि मग काठाकाठाने प्रवरासंगम. नदीच्या अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे संभाजीनगरचा. मध्ये नुसते पाटाचे आणि शेतांचे मुरमाचे रस्ते, गाड्यांचा त्रास नाही. हा बेत मी छबूताईंना सांगितला तो खरं तर मिरवायला. त्या पलीकडच्या काठच्या, गंगापूर तालुक्यातल्या, तिथे अंगणवाडी चालवतात. त्या म्हणाल्या, “मी पन येते. संगमाच्या घाटावर जिचं चाक आदी टेकंल, तिचं नाव.”

मी लगेच हो म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मला जरा दयाच आली.

पहिला दिवस: श्रीरामपूर ते नदी

सायकल घेऊन सकाळच्या रेल्वेने श्रीरामपूरला उतरले. सामानाच्या डब्यात सायकल चढवायची तर अर्धा तास आधी जा आणि हमालांशी गोड बोला. स्टेशनबाहेर छबूताई उभ्या होत्या. भाच्याने त्यांना जीपमधून आणून सोडलं होतं. साडी, खाली पांढरे बूट, डोक्याला मफलर आणि शेजारी यजमानांची काळी, दांड्याची सायकल. तिच्या कॅरिअरला गोणपाटाची पिशवी बांधलेली. तिच्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पंप आणि दोरखंड. दोरखंड कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की असू द्यावा.

माझ्याकडे हेल्मेट, हातमोजे आणि गादी लावलेली सायकलची चड्डी होती. छबूताईंनी तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ऑपरेशन कधी झालं.

थंडीत निघणार असाल तर शहरातून सातच्या आत बाहेर पडा, कारण हे कारखान्याचे दिवस असतात आणि डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर फार. पाच किलोमीटरनंतर पाटाच्या कडेचा रस्ता लागतो आणि सगळं शांत होतं. लाल मुरूम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. पस्तीस मिलिमीटरपेक्षा बारीक टायर आणू नका. आणि कुणी शेताला पाणी दिलेलं असेल तिथे काळ्या मातीत चाक घालू नका, ती माती चाक परत देत नाही. बावीस किलोमीटरमध्ये आम्हाला भेटली ती एक दूधवाल्याची मोटरसायकल, एक बैलगाडी आणि सात म्हशी. म्हशींनी साइड दिली नाही.

शर्यत दुसऱ्या दिवसाची होती, तरी मी पुढेच होते. मोबाईलचा नकाशा बघत अशी काही पुढे गेले की रस्ता एका विहिरीपाशी संपला. चारी बाजूंनी ऊस. इकडे बिबटे असतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. तेवढ्यात ऊस सळसळला. मी सायकल आडवी धरून शाळेतल्या आवाजात ‘चूप बस’ म्हणाले. आतून एक डुकरीण आणि तिची चार पिल्लं बाहेर आली आणि खरोखरच चुपचाप निघून गेली.

मागून छबूताई आल्या. त्यांनी नकाशा बघितला नाही, मोटारीच्या खोलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो माझ्या मोबाईलकडे बघून म्हणाला, “त्यात कशाला हुडकता? नदी हिकडं हाय.” ती दोनशे पावलांवर होती.

गोदावरी तिथे रुंद आणि संथ वाहते. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका दिसत होत्या. छबूताईंनी हात केला, त्यांनीही केला. ओळखीच्या आहेत का, असं मी विचारलं. नव्हत्या. पण आपल्या जिल्ह्याच्या आहेत, त्या म्हणाल्या.

मुक्काम त्यांच्या मावसबहिणीकडे होता. पिठलं-भाकरी खाऊन आठला झोपलो. या टप्प्यात लॉज नाही, तेव्हा नातेवाईक नसतील तर आधी जोडून ठेवा.

दुसरा दिवस: संगम

आता मला एक कबुली द्यायची आहे. सकाळी सहाला छबूताई बहिणीशी चहा पीत बसल्या असताना मी ‘पाण्याची बाटली भरून येते’ म्हणाले आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. न्याहारी न करता. सोबतचे दोन खाऊचे बार आदल्या दिवशीच, कुणी बघत नसताना संपवले होते.

पहिले दहा किलोमीटर स्वर्ग होता. धुकं, मुरमाची चाकाखाली करकर, पाण्यात उभे बगळे. अकराव्या किलोमीटरला चाक सरळ धरवेना. बाराव्याला बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला आणि मी त्याच बाभळीखाली बसले. उठता येईना. डोळ्यांपुढे काजवे आणि कानात गुणगुण. रस्त्यावर माणूस नाही. जी गोष्ट आतापर्यंत कौतुकाची होती तिचीच भीती वाटायला लागली. प्रांजलला फोन लावला तर रेंज नव्हती.

पाऊण तासाने काळी सायकल करकरत आली. छबूताईंनी पाण्याच्या बाटलीबद्दल काही विचारलं नाही. माझ्या कपाळाला हात लावला, भाकरी मी नको म्हणाले तेव्हा समोरच्या वस्तीवर गेल्या आणि एका बाईला घेऊन आल्या. तिचं नाव रुखसाना. घरी पाहुणे यायचे होते म्हणून तिने शेवयांची खीर केली होती. तिने पातेलंच आणलं होतं.

मी दुसरी वाटी खात असताना छबूताई शेजारी बसल्या. “ताई, सिद्धार्थाला खीर कुनी दिली हुती?”

“सुजातानं,” मी भरल्या तोंडाने म्हणाले.

“आन तवा यशोधरा कुठं हुती?”

“कपिलवस्तूला.”

“मग.”

रुखसानाने हे काय चाललंय म्हणून विचारलं. आम्ही नातीच्या नावाची सगळी हकिकत सांगितली. तिने नीट ऐकून घेतली आणि माझी वाटी तिसऱ्यांदा भरत म्हणाली, “खीर तर मी दिली. मग माझं नाव का न्हाई ठेवत?”

छबूताई एवढंच म्हणाल्या की बाईचं चुकीचं न्हाई.

पंक्चर त्यांनीच काढलं. अंगणवाडीत जायला रोज असलीच वाट, असलाच काटा, त्यांना सवय आहे. मग मी मान खाली घालून बाटलीचं खरं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. ठरलं असं की रुखसानाच्या फाटकापासून नव्याने सुरुवात. तिने पदर हलवून आम्हाला सोडलं.

उरलेलं अंतर चौदा किलोमीटर. इथे जायकवाडीचं पाणी मागे पसरत येतं, काठ दलदलीचा होतो, तेव्हा बांध सोडू नका. हिवाळ्यात दूरवर रोहित पक्षी दिसतात म्हणे. आम्ही बघितले नाहीत. आम्ही एकमेकींची चाकं बघत होतो. ताशी पाचचा वेग होता. एक शेळीवाला काही अंतर आमच्याबरोबर चालत आला आणि नंतर पुढे निघून गेला.

घाट दिसला तेव्हा त्या माझ्यापुढे चार हात होत्या. मग त्या अचानक पेरूच्या गाड्यापाशी थांबल्या. मी तशीच पुढे गेले आणि पुढचं चाक दगडी पायरीला टेकवलं. मागे वळून पाहिलं तर त्या पेरू दाबून बघत होत्या. आल्या, अर्धा मला दिला.

“लागलं का चाक? मग यशोधरा. ठरलं.”

का थांबलात, असं मी विचारलं. पेरू चांगले दिसले, म्हणाल्या. मग नदीकडे बघत सहज म्हणाल्या, “येवढं मोठं नाव पाळन्यात मावायचं न्हाई. घरात काय हाक मारायची ते माझ्याकडं राहू द्या.”

जिंकलेल्या माणसाने उदार असावं. मी ‘अवश्य’ म्हणाले.

त्या पूल ओलांडून त्यांच्या जिल्ह्यात गेल्या, मी हायवेवर टेम्पोला हात केला. सायकलसकट नगरला सोडायचे दोनशे रुपये. घोडेगावला टेम्पोत तीन बोकड चढले. एकाने माझ्या हेल्मेटचा पट्टा खाल्ला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. गुडघे पंधरा दिवसांत बरे झाले. त्या वाटेवरची शांतता अजून कानात आहे, मुरमाच्या करकरीसकट; त्यासाठी तुम्ही जाच, फक्त न्याहारी करून. पौर्णिमेला विहारात नाव ठेवलं ‘यशोधरा’, दाखल्यावरही तेच आहे. छबूताईंनी पाळण्यात वाकून ‘सुजू’ म्हटलं, तेव्हा मी हसून घेतलं.

गेल्या आठवड्यात डोस द्यायला प्रांजलऐवजी मी दवाखान्यात गेले होते. नर्सबाई पुकारत होत्या, ‘यशोधरा, यशोधरा.’ कुणीच उठेना. तिसऱ्या हाकेला मी शेजारच्या बाईला जरा रागानेच म्हणाले, की लोक नाव हौसेने ठेवतात आणि मग लक्ष देत नाहीत. माझ्या मांडीवर फाईल होती, तिच्यावरच्या नावाकडे ती बघत राहिली. फाईलवर सुजू बसली होती.