रविवार-सोमवारची बैलजोडी

वडील पूर्व आफ्रिकेतल्या एका रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. आम्ही मोंबासाहून आगबोटीने मुंबईला, तिथून रेल्वेने मूर्तिजापूरला, अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने कारंजाला आणि शेवटी बैलगाडीने इंझोरीला आलो. आगबोटीत आई आजारी होती, छोट्या गाडीत मी. बैलगाडीत कोणी आजारी पडलं नाही. तिच्यात सामानामुळे बसायला जागाच नव्हती, सगळे चालत आले.

सामानात टिनाच्या पेट्या, घडीची खाट, वडिलांची सोला टोपी आणि जस्ताचा एक मोठा टप होता. टपात बसून आंघोळ करायची सवय वडिलांना तिकडे लागली होती. इथे न्हाणीघर नव्हतं, म्हणून टप परसात ठेवला. परसाला कुंपण होतं, पण ते गुरांसाठी. माणसांना पलीकडून सगळं दिसत असे.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आजोबांच्या बाप्तिस्म्याला बराच काळ लोटला होता आणि गावाने तो कधीच पचवला होता. धर्मावरून कोणी काही बोललं नाही. अडचण निराळी होती. गाव आमच्याशी फार सभ्यपणे वागत होतं. जिथे माणूस आपला वाटला की आधी त्याची टिंगल होते, तिथे वडिलांची टिंगल कोणी करत नव्हतं. शेजारचे काका आणि वडील लहानपणी एकाच आंब्यावरून पडलेले. तेही वडिलांना 'साहेब' म्हणत.

वडिलांना आजोबांचं शेत स्वतः करायचं होतं. उन्हाळ्यात त्यांनी शेलूबाजारहून बैलजोडी आणली. पावसाळ्यात तिच्यातला एक बैल साप चावून मेला आणि दुसरा घ्यायची ऐपत उरली नव्हती. काकांचाही एक बैल त्याच वर्षी म्हातारपणाने गेला होता. तेव्हा दोघांनी सावड करावी, म्हणजे बैल एकत्र जुंपून एकमेकांची शेतं आळीपाळीने करावीत, हे उघड होतं. वडील विचारायला गेले.

"सावड कराची तं होती, साहेब," काका म्हणाले. "पन तुमी रविवार पाळता, आमी सोमवार. महादेवाच्या वारी नंदीले जुंपावं कसं? मंग बैलानं काम करावं तरी कवा?"

"उरलेले दिवस आहेत की."

"तुमी मोठे मानसं, साहेब. तुमाले आमच्या बैलासंगं नाही जमाचं."

घरी येऊन वडील आईला म्हणाले, "नाही म्हणाला असता तर भांडलो असतो. तो मोठा माणूस म्हणाला."

नांगरट झाली नाही तर रब्बीची पेरणी नाही. पेरणी नाही तर शेत पुन्हा बटईने, पिकाच्या वाट्यावर, द्यायचं आणि वडिलांनी आफ्रिकेतल्या दवाखान्याला पुन्हा अर्ज करायचा. आईने एक पेटी अजून उघडलीच नव्हती. ती तिला रोज पुसून ठेवी.

तेवढ्यात पोळा आला. आमचा बैल पोळ्यात न्यायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. आईने निकाल दिला, "हार घाला. पूजा नको."

काकू कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "बाप्तिस्मा तुमचा झाला ना बाई? बैलाचा थोडाच झाला? त्याले पुरनपोई तं चारा."

आईने पुरणपोळी केली. ती बैलापुढे ठेवताना सवयीने तिने जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. बैलाने 'आमेन'ची वाट पाहिली नाही.

संध्याकाळी तोरणाखाली जोड्या रांगेने उभ्या राहिल्या. एकटे बैल रांगेच्या टोकाला. त्या वर्षी एकटे बैल दोनच होते, म्हणून वडील आणि काका शेजारी-शेजारी आले. वडिलांच्या डोक्यावर सोला टोपी होती.

पोळ्यात झडत्या म्हणतात. एकाने दुसऱ्याची खोड काढणारं कवन रचायचं, दुसऱ्याने उलट उत्तर द्यायचं, आणि दर कवनाच्या शेवटी 'हर हर महादेव' झालंच पाहिजे. त्याशिवाय झडती पुरी होत नाही. पाटलावर झाली, सुतारावर झाली. मग काकांनी टोपीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी त्यांना राहवलं नसावं.

"आगबोटीतून आला साहेब, टोप डोक्यावर,
टिनाच्या टपात बसते जसा रेडा डबक्यावर!
हर हर महादेव!"

रांग हसली, आणि लगेच गप्प झाली. सगळे वडिलांकडे पाहू लागले. काका बैलाचे गोंडे नीट करू लागले. वडिलांनी टोपी काढली आणि बैलाच्या शिंगाला अडकवली. इतके महिने पुस्तकी बोलणारा तो माणूस गावच्या बोलीत सुरू झाला:

"हत्ती पाह्यला, सिंह पाह्यला, पट्ट्यापट्ट्याचा घोडा,
तुहा एक, माहा एक, आता तरी जोडा!"

आणि तिथेच थांबला. पुढचे तीन शब्द सगळ्यांना माहीत होते. वडिलांनाही होते. ते त्यांच्या तोंडून निघणार नाहीत, हेही हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. झडती अर्धवट लटकत राहिली. बायकांच्या घोळक्यात आईने माझा हात घट्ट धरला होता.

"काहून थांबला बे?" काकांनी विचारलं.

"तेवढं मले म्हनता येत नाही. तुले ठाऊक हाये."

काकांनी थोडा विचार केला. "बरं. तुहं ते मी म्हनतो." आणि त्यांनी मोठ्याने 'हर हर महादेव' म्हटलं. मग लोकांकडे वळून खुलासा केला, "सावड हाये आमची."

दुसऱ्या दिवशी आईने पेटी उघडली.

नांगरट झाली, पेरणीही झाली. रविवारी दोन्ही बैल आमच्या गोठ्यात उभे असत आणि काका कुंपणावरून म्हणत, "तुह्या देवानं बैलं आळशी करून टाकले." सोमवारी ते काकांच्या गोठ्यात असत आणि वडील तेच वाक्य परत करीत. जस्ताचा टप गव्हाण म्हणून लावला होता. वडील दगडावर बसून तांब्याने आंघोळ करू लागले होते.

कार्तिकापर्यंत बैल असे भरले की शेलूबाजारच्या एका व्यापाऱ्याने थांबून विचारलं, यांना चारता तरी काय?

"चारनं काही नाही," काका म्हणाले. "दोन देव हायेत त्याइले."